गिळलेले स्वल्पविराम : एका मुद्रितशोधकाने वर्षभर ऐकलेली पुस्तकं

बोरिवलीहून सुटणारी चर्चगेट स्लो मी हल्ली मुद्दाम पकडतो. चाळीस वर्षं फास्टच्या मागे धावलो. पण चर्नी रोडला फास्ट थांबत नाही. मुंबई सेंट्रलला उतरा, पूल चढा, पुन्हा स्लो धरा, आणि या खटाटोपात गोष्टीचा धागा तुटतो. स्लोला बोरिवलीतच खिडकी मिळते, मालाडपर्यंत मन स्थिरावतं आणि प्रकरण साधारण महालक्ष्मीच्या आसपास संपतं. ग्रँट रोडला वायर गुंडाळून खिशात टाकायची, की उतरायला मोकळा.

मी मुद्रितशोधक. निवृत्त झालो तरी आठवड्यातून तीन दिवस गिरगावात जातोच. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आणि डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस छापील मजकूर बंद. मला पंधरा दिवस छापील मजकूर बंद म्हणजे हलवायाला साखर बंद. लेकीने फोनवर पुस्तकं ऐकायचं ॲप टाकून दिलं आणि वर्षाची वर्गणीही भरून टाकली. “बाबा, आता कुरकुर करायची नाही,” म्हणाली. मी केली. म्हटलं, हे म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास. कुरकुर दोन दिवस टिकली. वर्ष पूर्ण होत आलंय, तर म्हटलं हिशोब मांडावा.

ॲपचं नाव लिहीत नाही. वर्गणी एकाची भरली, पण फुकटच्या महिन्यावर आणखी दोन वापरून पाहिली, आणि पुढच्या तक्रारी थोड्याफार फरकाने तिघांच्याही पदरात टाकता येतील. शिवाय दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. धंद्यातली सवय वापरून एकालाच चव्हाट्यावर आणायला मन घेत नाही.

(हे सगळं बोलीत लिहितोय. ‘पुस्तकं’ आणि ‘असं’वरचे अनुस्वार माझ्यातला मुद्रितशोधक दात आवळून सहन करतोय. अनुस्वारांचं पुढे येणारच आहे.)

मी पुस्तकं ऐकायला गेल्या वर्षी लागलो हे खरं म्हणजे चूक. माझी नोकरीच ऐकण्यावर सुरू झाली. १९८४ साली गिरगावातल्या एका छापखान्यात लागलो तेव्हा खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, अजून हाताने जुळवले जात. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी हा मराठी छपाईचा जुना मुलूख. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला तो याच बाजूला, आणि मौज प्रकाशनाची खटाववाडी तर आमच्या चहाच्या वाटेवर. मला पहिलं काम मिळालं कॉपी वाचायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेखकाचं हस्तलिखित म्हणजे कॉपी. ती एकाने मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेल्याने गॅलीवर, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या कच्च्या छापावर, डोळा ठेवून चुका टिपायच्या. वाचायचं ते सगळं. नुसते शब्द नव्हेत. म्हणजे असं:

“तो म्हणाला स्वल्प दुहेरी उघड आता कुठे जायचं प्रश्न दुहेरी बंद पूर्ण नवा परिच्छेद आई स्वयंपाकघरात होती पूर्ण.”

दिवसाचे सहा तास हे. कादंबरी, दिवाळी अंक, पतपेढीचा अहवाल, लग्नपत्रिका, सगळं एकाच चालीवर. शब्द नेहमीचा नसला की ‘नि पहिली, ती दुसरी’ असं वेलांट्यांसकट सांगायचं. समोर आमचे हेडरीडर. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना मान वर न करता म्हणायचे, “स्वल्प गिळलास.” मी म्हणायचो, “नाही हो नाना, म्हटला की.” “म्हटलास, पण वाक्य न थांबता पुढे गेलं. तू तो नुसता उच्चारलास.” तेव्हा माझं वय वीस. म्हातारा उगाच छळतोय असं वाटायचं.

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली, कॉपी वाचणारे गेले, मी समोरच्या खुर्चीत बसलो. नाना निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांची नजर गेली. त्यांच्याकडे जायचो तेव्हा टेपवर पुस्तक चालू असायचं. वरळीच्या नॅब या दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेच्या बोलक्या पुस्तकांच्या कॅसेट. दृष्टिहीनांच्या अशा साहित्याला टपालखातं तिकीट लावत नाही, त्यामुळे जाड पाकिटं फुकट येत आणि परत जात. पुस्तकं वाचलेली असत स्वयंसेवकांनी, पैसे न घेता. एकदा मी आत शिरलो तर नानांनी बोट वर केलं. गप्प राहा. कोणी बाई वाचत होत्या. एक लांबलचक वाक्य संपलं आणि नानांनी बोट खाली आणलं. “या बाई स्वल्प ऐकवतात,” एवढंच म्हणाले.

वाचणारा चांगला की वाईट, हे मी अजूनही त्या बोटानेच मोजतो. म्हणून ॲपवर पुस्तक निवडताना आधी वाचणाऱ्याचं नाव बघतो, मग लेखकाचं. ॲपवाले ते नाव अशा बारीक टायपात देतात की मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनाही त्रास व्हावा.

वर्षभरात ऐकलेल्यांत एक आवाज असा निघाला, की नानांनी नक्की बोट वर केलं असतं. एक बाई. निवृत्त शिक्षिकेचा वाटावा असा आवाज, किंचित घोगरा, नाटकीपणाचा लवलेश नाही. पुस्तकाचं नाव राहू दे, वाक्याची ठेवण सांगतो. समजा वाक्य आहे, ‘तो आला, बसला, आणि काहीच बोलला नाही.’ कागदावर दोन्ही स्वल्पविराम सारखेच, दोन्हींचा खिळा एकच. या बाईंनी पहिल्याला पापणी लवेल एवढीच जागा दिली. दुसऱ्यावर थांबल्या. किती? समोरच्याने पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि याने तो तसाच राहू द्यावा, तेवढं. मग ‘आणि’ अगदी हलका. सांताक्रूझला हे वाक्य आलं. मी पंधरा सेकंद मागे गेलो. मग पुन्हा मागे. खार निघून गेलं. चाळीस वर्षं स्वल्पविराम बघतोय, हजारो घातले, हजारो काढले. एकाच वाक्यातल्या दोघांची लांबी वेगळी असू शकते हे कागदावर कधी दिसलं नव्हतं. बांद्र्याला माणसं आत घुसली, एकाची बॅग माझ्या गुडघ्यावर आली. बसू दिली.

असे वाचणारे थोडे. बाकीच्यांत नाट्यक्षेत्रातून आलेली मंडळी बरीच आहेत. त्यांना शब्द फेकायची सवय. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायच्या बेताने ते वाचतात आणि इथे शेवटची रांग म्हणजे माझा कानाचा पडदा. पुरुष वाचणारा बाईचं बोलणं आलं की आवाज पातळ करतो. तो प्रकार तर कोणीतरी कायद्याने बंद करावा. सासू, सून आणि सहा वर्षांची नात एकाच पातळ आवाजात भांडायला लागल्या की कोण कोणाला बोलतंय ते कळायला छापील पुस्तक काढावं लागतं. मी काढतो, तो भाग वेगळा.

पार्श्वसंगीत हा दुसरा ताप. कोणी आजारी पडलं की बासरी. पाऊस म्हटलं की पाऊस. एका कथेत ‘दारावर थाप पडली’ असं वाचलं आणि मागोमाग थापही ऐकवली. जेवणाऱ्याला आधी ‘हे लोणचं’ सांगून मग लोणचं वाढावं तसं. आमच्या घरी रेडिओ होता. मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं, बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू नुसत्या बोलण्यावर अख्खं बिऱ्हाड उभं करायचे. ते नभोनाट्याचं अंग झालं. तिथे आवाज हाच नेपथ्य. पुस्तकात लेखकाने पाऊस शब्दांनी पाडलेला असतो. वर आणखी पाणी ओतायची गरज नाही.

आता उच्चार. इथे मी जरा जास्त बोलणार.

मराठीत ‘च’ दोन आहेत. चमच्यातला आणि चंद्रातला. ‘चार’ म्हणताना जीभ टाळ्याला लागते, ‘चारा’ म्हणताना दातांकडे येते. ‘माझा’मधला झ आणि ‘माझी’मधला झ वेगळा. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपणाचा अर्थ असलेला जरा, दोन्ही छापताना अगदी सारखे. खिळे जुळवणाऱ्याला आणि मला या फरकाशी कधीच कर्तव्य नव्हतं. छापील अक्षराला तो माहीतच नाही. म्हणजे आयुष्यभर मी मराठी तपासली तीत अर्धा च गाळूनच. ऐकायला लागल्यावर मात्र ही जागा सारखी ठेचकाळायला लागली. वाचणारी मंडळी तरुण आहेत, शाळा इंग्रजी, बोलणं हिंदीत मिसळलेलं. एका कथेत गिरगावातली ‘चाळ’ आली, ती चंद्रातल्या चने. म्हटलं संपलं. जन्म चाळीत गेलेल्या माणसाच्या कानाला ती चाळ बांधल्याक्षणी पडली. पुढे तीन तास त्या चाळीतली माणसं जगली, भांडली, मेली. माझा एकाही पायरीवर विश्वास बसला नाही.

दुसरी गोष्ट अनुस्वारांची. जुन्या पुस्तकांत ‘तें पुस्तक मीं वाचलें’ असं छापलेलं असे. यातले अनुस्वार उच्चारायचे नसत, ते व्याकरणाच्या खुणा म्हणून बसलेले. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले तेव्हा हे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. (१९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून एकूण अठरा झाले. ते अठरा मला झोपेत उठवून विचारलेत तरी म्हणून दाखवीन.) पण जुनी आवृत्ती समोर ठेवून वाचणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. एका भल्या गृहस्थांनी शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नाकात वाचली आहे. केलेंऽ, गेलेंऽ, मुलांनींऽ. मला आधी वाटलं बिचाऱ्यांना सर्दी आहे. दुसऱ्या प्रकरणात उलगडा झाला.

आणि याच्या उलट. माझ्या आईचं माहेर देवगडकडचं, त्यामुळे मालवणी कानात भिनलेली. एका कथेतला म्हातारा विचारतो, ‘खंय चल्लंस?’ या खंयमधला अनुस्वार नाकातूनच यायला हवा, तीच तर भाषेची चव. वाचणाऱ्याने तो साफ गिळून ‘खय’ केलं, आणि वर त्या म्हाताऱ्याला ‘गावरान’ म्हणून जो हेल दिला तो निघाला कोल्हापूरच्या वाटेचा. जिथे अनुस्वार म्हणायचा नव्हता तिथे म्हटला, म्हणायचा तिथे खाल्ला. शहरातल्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या लेखी गाव एकच असतं आणि तिथे सगळे ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणतात.

मशीनच्या आवाजातली पुस्तकंही आता यायला लागली आहेत. तीन ॲपपैकी एकावर मिळाली, म्हणून दोन ऐकून पाहिली. आवाज गोड आहे, दमत नाही, चुकून खोकत नाही. पण ‘आचाऱ्यांना बोलावलं’ हे त्याने ‘आचार्यांना बोलावलं’ असं वाचलं आणि लग्नघरात स्वयंपाकी यायच्या ऐवजी गुरुवर्य येऊन बसले. आमच्या धंद्यातली ही फार जुनी फजिती. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हीच शिकवतात. ‘१९६२’ला ‘एक हजार नऊशे बासष्ट’. ‘ता. क.’ला ‘ता’ म्हणून एक पूर्णविराम, ‘क’ म्हणून दुसरा. ‘असं’चा ‘असम’, म्हणजे कथेत मध्येच ईशान्य भारत. या चुका उद्या सुधारतील, यात शंका नाही. मला खटकलं ते दुसरंच. त्याचा प्रत्येक स्वल्पविराम सारख्या लांबीचा. मापट्याने मोजून घातल्यासारखा. विसाव्या वर्षी मी वाचायचो तसा. उच्चारलेला.

‘श्यामची आई’बद्दल वेगळं लिहायला हवं, कारण कुठल्याही ॲपवर मराठी शोधलं की ती आधी पुढे येते, आणि एकदा नव्हे, अनेकदा. यामागे भक्तीइतकाच कायदा आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० संपलं तेव्हा पुस्तक सर्वांसाठी खुलं झालं. परवानगी नको, मानधन नको. म्हणून ज्याच्याकडे माइक आहे त्याने ते वाचलंय. मी तीन वाचनं पुरी ऐकली. दोन रडवायला बसलेली. पहिल्या ओळीपासून गळा दाटलेला. मग खरोखर दाटायची जागा आली की आवाजाला पुढे जायला वावच उरत नाही. तिसरा वाचणारा सरळ सांगतो. हे पुस्तक मुळातच सांगितलेलं आहे. श्याम रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, म्हणून प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलंच नाही, रात्री म्हटलंय. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आता या ॲपवाल्यांनी काय केलंय? ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’. अहो, पुस्तकात आयत्या बेचाळीस रात्री दिल्यात, ऐकणाऱ्याने रोज झोपताना एक ऐकावी म्हणून याहून चांगली सोय दुसरी कुठली? आम्ही दोघांनी तशीच ऐकली. रोज एक. मध्ये चार दिवस ही माहेरी गेली होती, तेव्हा मी पुढे ऐकलं नाही. (एकदा ऐकलं. तिला सांगितलेलं नाही.)

हिचं ऐकणं निराळं. फोन डब्याला टेकवून स्पीकरवर, भाजी निवडताना, आणि वेग सव्वापट. मला सव्वापट सोसत नाही. सव्वापटीत सगळ्यात आधी मरतो तो स्वल्पविराम. यावरून आमचं रीतसर भांडण झालंय. “अहो, तुमचा माणूस एका वाक्यात दोनदा झोपतो,” हिचं म्हणणं. “माझा कुकर तेवढा थांबत नाही.” तोड अशी निघाली की विनोदी आणि रहस्यकथा तिच्या वेगाने, बाकीचं माझ्या. रहस्यकथा सव्वापटीत खरंच बऱ्या लागतात. खुनी लवकर सापडतो.

ॲपच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात. पुस्तक आधी घरी उतरवून ठेवता येतं, ही सगळ्यात मोठी सोय; गाडीत नेटच्या भरवशावर राहू नका. झोपेचा टायमर उत्तम. पंधरा सेकंद मागे जायचं बटण मोठं आहे, मी ते सगळ्यात जास्त दाबतो. खूण ठेवता येते पण तिच्याजवळ दोन शब्द लिहायची सोय मराठीत धड चालत नाही, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. शोध भयंकर. ‘श्याम’ऐवजी ‘शाम’ लिहिलं की काहीच सापडत नाही, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की सगळं सापडतं. आवृत्ती कुठली, साल काय, तळटीपा घेतल्या की गाळल्या, याचा कुठे उल्लेख नाही. अनुवादित पुस्तकावर अनुवादकाचं नाव नसणं हे तर पाप आहे. पैशांचं म्हणाल तर वर्षाच्या वर्गणीत तीन-चार जाड कादंबऱ्या आल्या असत्या. मी तेवीस पुस्तकं ऐकली. अर्धवट टाकलेली अकरा वेगळी.

कानात घालायचं काय, हेही सांगून टाकतो. लेकीने आधी बिनवायरचे दोन मणी दिले होते. डावा मणी तिसऱ्याच आठवड्यात ग्रँट रोडला उतरताना गाडी आणि फलाटाच्या फटीतून रुळांवर गेला. उजव्या मण्याने एका कानाने आठ दिवस काढले. मग तिथूनच लॅमिंग्टन रोडला जाऊन साध्या वायरीचे घेतले, साडेतीनशेला, घासाघीस करून. वायरीवर एक बटण आहे, गर्दीत खिशातला फोन न काढता थांबवता येतं. वायरीचा गुंता होतो. होऊ दे. गुंता सोडवणं हेच आयुष्यभर केलं.

गाडीतल्या घोषणेबद्दल मात्र तक्रार नाही. ‘पुढील स्टेशन दादर’ असं तीन भाषांत येतं तेव्हा गोष्टीतलं एखादं वाक्य बुडतं, आणि कधीकधी मजा होते. एका कादंबरीत नायिका पत्र उघडते, वाचते, खुर्चीत बसते आणि म्हणते, “प्रभादेवी.” मी घरी जाऊन छापील प्रत उघडली तेव्हा कळलं ती काय म्हणाली होती. प्रभादेवी जास्त चांगलं होतं.

छापील प्रत उघडायची ही सवय मोडली नाही, आणि त्यातूनच शेवटचा उद्योग झाला. त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईंचं पुस्तक मी कपाटातली प्रत मांडीवर घेऊन दुसऱ्यांदा ऐकलं. जुनीच पद्धत, फक्त समोरचा माणूस फोनमध्ये. बाईंची चूक अशी नव्हतीच, असलीच तर जोडकाम करणाऱ्यांची. एका ठिकाणी तेच वाक्य दोनदा आलंय. पहिल्यांदा अडखळल्या असतील, पुन्हा म्हटलं असेल, कापायचं राहिलं. एका ठिकाणी अख्खी ओळ गळाली. दोन परिच्छेद एकाच शब्दाने सुरू होत होते, नजर घसरली असणार. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची हीच चूक मी हजार वेळा पकडलीय, तिला वयच नाही. सगळं मिळून सत्तावीस जागा निघाल्या. रीतसर शुद्धिपत्र केलं. प्रकरण, मिनिट, सेकंद, काय ऐकू येतं, काय हवं. लेकीने ते टाइप करून ॲपवाल्यांना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, इंग्रजीत. अडचणीबद्दल दिलगीर आहोत, ॲप एकदा काढून पुन्हा टाकून पाहावं. लेक हसली. मी ॲप काढून पुन्हा टाकलं. गळालेली ओळ आली नाही.

ही गोष्ट गणपतीच्या आधीची. गेल्या आठवड्यात वर्गणीची मुदत संपत आल्याचा निरोप आला, म्हणून म्हटलं जाता जाता तेच पुस्तक पुन्हा लावावं. सकाळची स्लो, डाव्या बाजूची खिडकी. पाचवं प्रकरण, माहीम गेलं, माटुंगा रोड गेलं. आणि ती ओळ आली. मी आधी ऐकून सोडलीच, कारण पुस्तक पाठ झालेलं, ओळ तिथे असणं मला स्वाभाविक वाटलं. दोन वाक्यं पुढे गेल्यावर दचकलो. बटण दाबून मागे गेलो. नेमकं ‘पुढील स्टेशन दादर’. पुन्हा मागे.

ओळ होती. बाईंचाच आवाज, पण त्या दिवशीचा नव्हे. किंचित जड, आणि मागचा पंख्याचा बारीक घरघराट तेवढ्या सहा सेकंदांपुरता बंद. छापून झालेल्या पुस्तकात मोठी चूक सापडली की आम्ही दुरुस्त ओळीची चेपी छापायचो आणि प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवायचो. नीट लावली तर पानावरून बोट फिरवल्याशिवाय कळायचं नाही. ही तशी चेपी. कोणीतरी त्या बाईंना एका ओळीसाठी पुन्हा बोलावलं होतं. ओळीत स्वल्प एकच, आणि तो त्यांनी गिळला नव्हता.

दोनदा आलेलं वाक्य अजून दोनदाच येतं. बाकीच्या पंचवीस जागाही जशाच्या तशा आहेत. वर्गणी पुन्हा भरली, या वेळी माझ्या पैशांनी.